तारीख न मागणारा अशील

म्हापसा, गोवा

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं, पण ‘पडून वाचायला काहीतरी सुचव’ म्हणालीस ते बरं झालं. सध्या मी दुसरं काही बोलतच नाही. मायकल कॉनेलीची मिकी हॉलरवरची पुस्तकं घे. हॉलर लॉस एंजेलिसमधला फौजदारी वकील, कायम आरोपीच्या बाजूचा. लिंकन गाडीची मागची सीट हेच त्याचं ऑफिस, आणि गाडी चालवतो त्याचाच एक अशील, फी फेडण्यासाठी! पहिलं पुस्तक ‘द लिंकन लॉयर’, २००५चं. दिवसभर वकिलाकडे टायपिंग करतेस आणि रात्री परत वकीलच वाचतेस, असं आमचे हे रोज ऐकवतात. ऐकवू देत.

त्या पहिल्या पुस्तकातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हॉलरला धास्ती असते ती निर्दोष अशिलाची. गुन्हा केलेल्याला पाचाऐवजी दोन वर्षं लागली तर तो हात जोडून जातो. पण ज्याने काही केलंच नाही त्याच्यासाठी तडजोड कसली करणार? एका दिवसाची शिक्षाही हरल्यातच जमा, आणि ती हार वकिलाला जन्मभर पुरते. आमच्या ऑफिसात कुणी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढत ‘मी काही केलेलं नाही’ म्हणाला, की सर पेनाचं टोपण लावतात, काढतात, पुन्हा लावतात. इतके दिवस मला ती नुसती सवय वाटायची.

वेग म्हणशील तर दुसरं पुस्तक, ‘द ब्रास व्हर्डिक्ट’ (२००८). एका वकिलाचा खून होतो आणि त्याच्या सगळ्या फायली हॉलरच्या गळ्यात पडतात. त्यात एक सिनेमावाला बडा आसामी, बायको आणि तिच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेला. खटला तोंडावर आलेला, फाईल धड वाचून झालेली नाही. हॉलर म्हणतो मुदत मागू, आणि अशील म्हणतो एक दिवसही पुढे ढकलायचा नाही! मंदा, मी पुस्तक मिटून हसत बसले. आमच्याकडे लोक पायरी चढतानाच विचारतात, ‘तारीख फुडें व्हरूंक मेळटली?’ तारीख न मागणारा अशील भेटला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. मुरतंयच. कुठे ते सांगणार नाही.

खरी चैन उलटतपासणीची. हॉलर ओरडत नाही. ‘हो’ नाहीतर ‘नाही’ एवढंच उत्तर निघेल असे बारके प्रश्न एकामागून एक टाकतो, आणि साक्षीदाराच्या लक्षात येईतो परतीची वाट बंद झालेली असते. उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारू नये, हे आमचे सरही ज्युनिअरांना बजावतात. ज्युनिअर तो एक जास्तीचा प्रश्न विचारतातच. शिवाय तिथे ज्युरी, म्हणजे निकाल देणारे साधे नागरिक. बाराही जणांचं एकमत लागतं, म्हणून निवडीपासूनच हॉलर एकेकाचा चेहरा वाचत असतो. एकाच्या मनात शंका रुजली तरी त्याचं काम झालं. आपल्याकडे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर फौजदारी खटल्यांत ज्युरी राहिली नाही. न्यायाधीशांचा चेहरा वाचायला जावं, तर ते साक्षीदाराची जबानी टायपिस्टला सांगण्यात गुंतलेले!

आणि हा हॉलर बाबा चक्क स्वतःच्या जाहिराती करतो. इथे वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे दारावरची पाटीसुद्धा वाजवी आकाराची हवी.

सगळंच गोड नाही हं. कोर्टाबाहेर पिस्तुलं निघाली, पाठलाग सुरू झाले की माझं लक्ष उडतं. तेवढी पानं मी भराभर उलटते. नेटफ्लिक्सवर २०२२पासून मालिकाही आहे, पण तिचा पहिला सीझन दुसऱ्या पुस्तकावर बेतलेला, तेव्हा आधी वाच, मग बघ. शिवाय मालिकेत हॅरी बॉश नाही. पुस्तकात तो डिटेक्टिव्ह, हॉलरचा सावत्र भाऊ, आणि दोघांपैकी एकही दुसऱ्यावर पुरता विश्वास टाकत नाही. ते सोडू नकोस.

पुढच्या आठवड्यात भावोजी कोल्हापूरला येताहेत. त्यांच्याबरोबर पहिलं पुस्तक आणि थोडी सोलं पाठवते. दुसरं सरांनी नेलंय, त्यांचं वाचून झालं की पाठवीन. तोवर जिने चढू नकोस.

तुझी,
शुभा