तुमचा पाइप आमच्या डिकीत राहिला

प्रिय आजोबा,

तुम्ही नाव सांगितलं होतंत आणि नावानेच हाक मारा म्हणालात. पण सत्तरीच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून आजोबा. तुमच्यासाठी इंग्रजीत एक कार्डही लिहून ठेवलंय. चार ओळींत तीनदा थँक्यू झालं आणि पुढे काही सुचेना. तेव्हा हे मराठीत. तुम्हाला वाचता येणार नाही, पण स्टेपनी म्हणजे काय हे ज्यांना सांगावं लागत नाही अशी माणसं तरी वाचतील.

आधी कबुली देऊन टाकते. तुमचा तो लोखंडी पाइप, मीटरभर लांबीचा, एका टोकाला निळा रंग उडालेला, चाक बदलल्यानंतरच्या आवराआवरीत आमच्या डिकीत आला. घरी पोचल्यावर सापडला.

आम्ही न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला एका घरात चौघी राहतो. एक नागपूरची, एक कोचीची, एक चिलीची आणि मी सांगलीची. मी इथे शिक्षिका व्हायचा वर्षभराचा कोर्स करतेय. नोव्हेंबरात माझं प्रॅक्टिकम चालू होतं, म्हणजे आपल्याकडचे बी.एड.वाले पाठ घ्यायला जातात तसं. नऊ-दहा वर्षांची सव्वीस मुलं, आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या माझ्या मार्गदर्शक बाई. त्या शुक्रवारी त्यांनी माझ्या वहीत एकच वाक्य लिहिलं होतं : पेन्सिल तुझ्या हातात का आहे? मला ते लागलं. पोरगं अडलं की मदत करायची नाही तर काय करायचं, असं रात्री स्वयंपाकघरात तावातावाने बोलले. नागपूरकरीण म्हणाली, चल, उद्या कुठेतरी जाऊ, नाहीतर तू शनिवारभर हेच दळणार.

गाडी ओळखीतल्या एकाकडून मागून आणलेली. इथे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या खूप, तशीच ही. चावी फिरवली की एक बाई गोड आवाजात जपानीतून काहीतरी सांगायची आणि आम्ही चौघी हो म्हणायचो. गाडी उजव्या हाताची आणि रस्ता डाव्या बाजूचा, त्यामुळे मला तशी भीती नव्हती. भीती वाटायची ती एकपदरी पुलांची. तिथल्या पाटीवर आपल्या बाजूचा बाण लाल असेल तर मुकाट थांबायचं, समोरच्याला आधी येऊ द्यायचं. सांगलीच्या माणसाला हे शिकायला वेळ लागतो.

राकाया नदीवरचा पावणेदोन किलोमीटरचा पूल, जेराल्डिन, फेअरली, बर्क्स पास. सव्वादोनशे किलोमीटर करून दुपारी टेकापोला पोचलो. तिथलं 1935 सालचं दगडी चर्च आपल्या गावच्या देवळाएवढंच, पण फोटोवाल्यांची गर्दी जत्रेची. त्यापेक्षा रात्र चांगली. हा सगळा भाग 2012 पासून तारे नीट दिसावेत म्हणून राखलेल्या काळोखाचा, दिवेसुद्धा मान खाली घालून उभे. मध्यरात्री थंडीत कुडकुडत उभ्या असताना नागपूरकरीण ओरडली, अगं, मृग उलटा आहे! खरंच, पाय वर करून झोपल्यासारखा. लहानपणी आजीने गच्चीवर दाखवलेलं नक्षत्र पृथ्वीच्या या टोकाला शीर्षासन करताना बघून मला एकदम घरची आठवण आली. पण ते असो.

रविवारी पुकाकी तलाव. त्या पाण्याचा रंग फोटोत खोटा वाटतो. वरच्या हिमनद्या खडक दळत खाली येतात आणि ते पीठ इतकं बारीक असतं की तळाला बसतच नाही, पाण्यात तरंगत राहून उजेड उधळतं. जात्यासारखंच. मी तिघींना हे समजावून सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. समोर 3,724 मीटरचा आओराकी, म्हणजे माउंट कुक, लख्ख दिसत होता. गर्दी नको म्हणून पूर्वेकडच्या काठाचा खडीचा रस्ता धरला, तोही माझ्याच आग्रहाने. पुढचं डावं चाक साधारण चारच्या सुमाराला बसलं.

तुम्ही आलात तेव्हा आम्हाला तिथे पाऊण तास झाला होता. फोनला रेंज नाही. गाडीची पुस्तिका जपानीत. जॅक शोधण्यातच वीस मिनिटं गेली, तो सापडल्यावर मी उत्साहाने गाडी उचलली आणि मग नट सोडवायला गेले, तर पाना लावून जोर केला की अख्खं चाक गरगर फिरे. चिलीची ते दोन्ही हातांनी धरून ठेवायचा प्रयत्न करत होती. तुमचा पिकअप थांबला, मागचे दोन कुत्रे भुंकले, तुम्ही उतरलात. हाफ पँट, गुडघ्यापर्यंत गमबूट. आम्हाला वाटलं, सुटलो.

तुम्ही हात खिशात घातलेत आणि विचारलंत, काय काय करून बघितलं? मी सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, चाक का फिरतंय?

आणि गप्प राहिलात. खरं सांगते, त्या वेळी तुमचा राग आला. ऊन उतरत होतं, दुसऱ्या दिवशी आठला मला शाळेत उभं राहायचं होतं, आणि हे गृहस्थ प्रश्न विचारतायत. तुम्ही चाकाकडे बघत होतात, माझ्याकडे नाही. कुत्रेसुद्धा गप्प झाले. मग मला दिसलं : चाक हवेत आहे म्हणून फिरतंय. जमिनीवर असतं तर जमिनीनेच धरून ठेवलं असतं. मी जॅक उतरवला. तुम्ही फक्त मान हलवलीत आणि एक दगड उचलून मागच्या चाकाला लावलात. अख्ख्या कामात तुमचा हात लागला तो एवढाच.

चार नट सुटले, पाचवा गंजलेला. मी पान्यावर उभी राहिले तरी हलेना. तेव्हा तुम्ही पिकअपमधून तो पाइप आणून माझ्या हातात दिलात. काय करायचं ते सांगितलं नाहीत. आता यातली लाजिरवाणी गोष्ट ऐका. तीनच आठवड्यांपूर्वी मी वर्गात तरफ शिकवली होती. पट्टी, खोडरबर, टेकू, भार, बल, फळ्यावर सुबक आकृती. मुलांना म्हटलं होतं, दांडा लांब तर कष्ट कमी. आणि इथे पाइप हातात धरून मी दहा सेकंद नुसती उभी! कोचीची म्हणाली, पान्यावर चढव ना तो. चढवला, टोकाला एका हाताने दाबला, आणि नट कर्रकन् आवाज करून सुटला. तो आवाज अजून माझ्या हातात आहे.

स्टेपनी लावल्यावर मी नट ओळीने आवळायला लागले. तुम्ही खोकलात. मी थांबले, विचार केला आणि समोरासमोरचे आवळले. ती सडपातळ स्टेपनी, ऐंशीच्या वर पळवू नका असं तिच्यावरच लिहिलेलं. तुम्ही डांबरी रस्ता लागेपर्यंत आमच्या मागे मागे चाळीसच्या वेगाने आलात, आणि मग एकदा दिवे उघडमिट करून वळलात. त्याआधी आमच्या दिवाळीच्या उरलेल्या चकल्या तुम्ही घेतल्यात. मऊ पडल्या होत्या, त्याबद्दल माफी. एक तुम्ही खाल्लीत, एक कुत्र्याला दिलीत, कुणाला जास्त आवडली ते कळलं नाही.

आम्हाला अभ्यासक्रमात मेरी बड रो यांचं संशोधन आहे, 1970 च्या दशकातलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, ते तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात आणि नीट बोलतात. यावर मी निबंध लिहून चांगले गुण मिळवले होते. तुम्ही किती थांबलात ते मोजलं नाही. तीनपेक्षा खूपच जास्त.

सोमवारी भागाकार होता. खिडकीजवळच्या मुलाने बाकी कुठे लिहायची म्हणून माझ्याकडे पेन्सिल सरकवली. मी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. नखांत अजून काळं ग्रीस होतं. विचारलं, वाटून झाल्यावर किती उरले? तो माझ्याकडे बघत राहिला. मग छताकडे. मला घाम फुटला, खिशात बोटं वळवळत होती. मग त्याने पेन्सिल परत ओढून घेतली. उत्तर चुकलंच, पण ते त्याचं त्याने खोडलं. बाईंनी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही, फक्त शाळा सुटताना विचारलं, शनिवार-रविवारी कुठे गेली होतीस?

तर आजोबा, मनापासून आभार. चौघींच्या वतीने, आणि त्या सव्वीसांच्याही.

जानेवारीत सुट्टी आहे. पाइप घेऊन आम्ही परत येतोय, चाकांत हवा तपासून. तुम्ही वळलात ते गेट लक्षात आहे, हिरवी पत्रपेटी असलेलं. घरी नसलात तर पाइप गेटला टेकवून ठेवू आणि कार्ड पेटीत टाकू. चकल्या मात्र पेटीत टाकणार नाही. या वेळी कुरकुरीत असतील, हातातच द्यायच्या आहेत.

तुमची,
पुढच्या डाव्या चाकाची मुलगी