दीडशे-सहाशे घेण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गेल्या हिवाळ्यात मित्रांबरोबर भिगवणला जाऊन आलास तेव्हापासून १५०-६०० मिलिमीटरची, लांबचे पक्षी जवळ आणणारी लेन्स तुझ्या डोक्यात आहे, हे मला ठाऊक होतं. पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, तेव्हा ठरवायचं तूच. पण विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते: ही लेन्स आत्ता घेऊ नकोस.

ड्राइव्हवर ठेवलेलं तुझं फोल्डर मी सावकाश बघितलं. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ दिसते, म्हणजे लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. तू स्वतःही एकदा बघ. बहुतेक फोटो तीस-चाळीसच्या आसपास काढलेले आहेत आणि त्यांत माणसं आहेत. वारीत फुगडी घालणाऱ्या बायका, चहाच्या टपरीवरचा पोऱ्या, वाती वळणारी आजी. पक्षी त्या एका सहलीपुरतेच. तू माणसांच्या जवळ जातोस, बोलतोस आणि मग फोटो काढतोस. तुझे चांगले फोटो त्यातूनच आलेत. लेन्स निवडताना मी आधी हेच विचारते, की आपण विषयापासून किती अंतरावर असतो आणि तिथे उजेड किती असतो. बाकी सगळं त्यानंतर.

आजीचाच फोटो घे. चेहरा छान आलाय, पण बोटं पुसट झालीत. माजघरातल्या त्या उजेडात ३५ वर तुझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं छिद्र, साडेचारच्या पलीकडे उघडत नाही (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), म्हणून शटर सेकंदाच्या १/१५ वर आला. चेहरा स्थिर होता, हात चालू होते. तिथे ३५ ची f/१.८ प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, असती तर सहापट उजेड आत आला असता आणि त्याच आयएसओवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड टिपण्याच्या त्याच क्षमतेवर, १/१०० च्या आसपास शटर मिळाला असता. आजीला “जरा थांब” म्हणावंही लागलं नसतं. एवढ्या उघड्या अॅपर्चरला फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, मात्र कमी होते, तेव्हा डोळे हवेत की बोटं, ते आधी ठरवायचं.

सगळे तुला ५० घे म्हणतील. ती स्वस्त आहे आणि चांगलीही आहे. पण तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं तो भाग, लहान, त्यावर ५० म्हणजे ७५ सारखी दिसते. तुमच्या पुण्यातल्या खोलीत दोघांना एका फ्रेममध्ये घ्यायचं म्हटलं तर तुझी पाठ भिंतीला टेकेल. ३५ मात्र त्याच कॅमेऱ्यावर साधारण ५२ सारखी वागते. फक्त ती घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ नकोस, नाक मोठं दिसतं. दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. दीड-दोन मीटरवर उभा राहा, मग हवं तर कडा कापून घे.

आता भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर रोहित टिपायचे तर लांबची लेन्स लागतेच, त्यात वाद नाही. कारण तिथे जवळ जायचंच नसतं. नाव थव्यात घुसवली की पक्षी चरणं सोडून उडतात. पण त्या लेन्सचं वजन दोन किलोच्या घरात, ६०० ला अॅपर्चर f/६.३, आणि हलत्या नावेत ट्रायपॉडचा फारसा उपयोग नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात उडता पक्षी स्थिर पकडायला १/२००० लागतो, म्हणजे आयएसओ कुठल्या कुठे जातो आणि फोटो दाणेदार येतो. वर्षातून एकदा जाणार असशील तर पुण्यात भाड्याने घे. मामेबहिणीच्या लग्नासाठी ७०-२०० सुद्धा तशीच आण. अंतरपाट दूर होतो तेव्हा पुढे गर्दी असते, फोटो मागूनच काढावा लागतो.

ट्रेकसाठी वाइड, म्हणजे रुंद दृश्य मावणारी लेन्स, हवी म्हणालास. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची ती आत वळलेली भिंत एका फ्रेममध्ये घ्यायला १०-१८ कामाची आहे. पण महाबळेश्वरहून दिसणाऱ्या डोंगरांच्या एकामागे एक रांगा वाइडमध्ये अगदी बारीक होऊन जातात. त्यांना शंभर-दोनशेच बरी. म्हणून वाइडची घाई नको.

आणि मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी लेन्स. इथे मी थोडी पक्षपाती आहे, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. माझी १०० ची मॅक्रो तू गणपतीत येशील तेव्हा घेऊन जा, विकत घेऊ नकोस. कासवर तेव्हा सीतेची आसवं फुललेली असतील, आणि ओल्या जागी दवबिंदू, म्हणजे ती कीटक खाणारी वनस्पती. दवबिंदूच्या पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो, त्यात अडकलेलं चिलटही दिसतं. नुसत्या डोळ्याला तो लालसर ठिपका वाटतो. १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते तेव्हा, ही लेन्स सेन्सरपासून तीसेक सेंटिमीटरवर फोकस करते आणि जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटरची जागा तुझी पूर्ण फ्रेम भरून टाकते. तिथे f/११ ठेवलास तरी एखाद्या मिलिमीटरएवढीच खोली स्वच्छ येते. म्हणून पान सेन्सरला समांतर येईल असा कॅमेरा धरायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि वारा पडायची वाट बघायची. पायवाट सोडून आत मात्र अजिबात जायचं नाही. सह्याद्रीतल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्या त्यांत कास आहे. पण फोटोसाठी तिथे लोक फुलांवर आडवे पडतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो.

३५ सेकंडहँड मिळाली तरी चालेल. दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, लगेच परत दे. आपल्या पावसात नव्या लेन्सलाही ती धरते, तेव्हा हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघ.

कासला शनिवार-रविवारी फार गर्दी असते. गौरी-गणपती झाल्यावर मधल्या वारी जाऊ. रजा कधीची टाकतोस ते कळव, म्हणजे प्रवेशाचं बुकिंग करून ठेवते.

तुझी,
आई