इंडोनेशियाच्या जावा बेटावरील मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणाऱ्या लेकीस

॥ श्री ॥

पाटण, जि. सातारा
१४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. बाळीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्याकडून परत येऊन दीड महिना झाला. फोनवर आपले रोज बोलणे होते, तरी मुद्दाम पत्र लिहायला बसलो आहे, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तो चढला की तुला नेमके दूध घालायला जायचे असते. निघायच्या आदल्या रात्री चुलीपाशी मी जे बोललो ते विहीणबाईंच्या देखत बोलायला नको होते. त्यांना मराठी कळत नाही, पण सूर कळतो. त्यांनी काही न बोलता माझ्या पुढ्यात चहाचा दुसरा पेला ठेवला, तेव्हाच मला लाज वाटली होती. त्यांना माझ्या वतीने क्षमा माग, आणि ती त्यांच्या त्या आदराच्या भाषेत माग. जावईबापू आईशी एका जावानीत बोलतात आणि मित्रांशी दुसऱ्या, आणि तू ती मोठ्यांशी बोलायची क्रामा न अडखळता बोलतेस, हे मी तिथे आठ दिवस नुसते ऐकत होतो. पस्तीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवलेल्या माणसाला याचे काय वाटले असेल ते तू समजू शकतेस.

डोंगराविषयी या पत्रात लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

तुमच्या गावाचे वर्णन मी इथे ज्याला त्याला ऐकवतो आहे. सेलोची खिंड, तिच्या उत्तरेला मेरबाबू, दक्षिणेला मेरापी आणि मधल्या चिंचोळ्या उतारावर तुमची ती वाडी, जिला तिथे दुकुह म्हणतात. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ मी दोन स्वेटर घालून झोपत होतो, यावर शिंपीआळीतल्या कट्ट्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. शेवटी नकाशा काढून दाखवला, की हे गाव साधारण दीड हजार मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंच. गाजर, कोबी, पातीचा कांदा, मोहरीची भाजी आणि पाऊस सरला की तंबाखू, अशी पिके एकाच उतारावर एकमेकांत इतकी दाटीने बसवलेली असतात की वीतभर माती मोकळी दिसत नाही. आणि बांधावर सगळीकडे आपले हत्तीगवत! त्याला ते रुमपुट गाजाह म्हणतात आणि गाजाह म्हणजे आपलाच गज, हे जावईबापूंनी सांगितले तेव्हा मला भर शेतात हसू आवरेना. बोयोलालीला दुधाचे शहर म्हणून 'कोता सुसू' म्हणतात, हे मात्र मी कट्ट्यावर एकदाच सांगितले. त्यानंतर दोन दिवस मंडळींनी मला दुसरे काही बोलू दिले नाही.

विहीणबाईंच्या हातचा मक्याचा भात तुझ्या आईला वर्णन करून सांगितला. ती म्हणाली, म्हणजे कण्याच की. असेलही, पण त्या धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात, जिथे पाहुण्यालाही बाहेरच्या खोलीत न बसवता सरळ चुलीशी ऊब घ्यायला बसवतात, तिथे त्या कण्यांना जी चव होती ती आमच्या गॅसवर यायची नाही. तुझ्या आईचा रुसवा अजून पुरता गेलेला नाही. लग्नाच्या वेळी जे बोलणे झाले ते मी आता उगाळत नाही. पण माझ्या मोबाइलमधला तुझा तो फोटो, पाठीवर गवताचा भारा आणि हातात विळा, ती दिवसातून चार वेळा मागून पाहते आणि प्रत्येक वेळी म्हणते, 'बोगोरला एवढे शिकून शेवटी हेच करायचे होते, तर आपली म्हैस काय वाईट होती?' हे बोलताना तिच्या आवाजात तक्रार किती आणि कौतुक किती, हे मला इतक्या वर्षांच्या संसारानंतरही सांगता येत नाही.

त्या भाऱ्यापाशीच माझी गाडी अडते. जावईबापू मला बांधावर घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी २०१० सालची हकीकत सांगितली. २६ ऑक्टोबरला मेरापीचा पहिला उद्रेक झाला, त्यात दक्षिण उतारावरच्या किनाहरेजो गावात डोंगराचे मानकरी म्हातारे म्बाह मारिजान गेले. मग ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर सर्वांत मोठा स्फोट झाला, शिखरापासून वीस किलोमीटरपर्यंतची गावे रिकामी करायला लावली, साडेतीनशेच्या आसपास माणसे गेली आणि लाखो माणसे छावण्यांत राहिली. हे मी वाचून गेलो होतो. वाचलेले नव्हते ते एवढेच, की आपले व्याही त्या दिवसांत रोज पहाटे छावणीतून निघून, राखेतून वर जाऊन गाईंना वैरण घालून येत असत. जावईबापूंनी हे हसत हसत सांगितले, जसे आपण वडिलांचे हट्ट सांगतो. आणि तू शेजारी गवत कापताना मान वरही न करता म्हणालीस, 'मीही गेले असते.'

बाळी, भांडण चुलीपाशी झाले, पण त्याची ठिणगी इथली आहे. तुझे ते तीन शब्द मी मुंबईपर्यंत विमानात घोकत आलो.

तुझी बाजू मला समजत नाही असे नाही. २०१० साली जी माणसे गेली त्यांत गुरांसाठी माघारी गेलेलेही होते, आणि सरकारलाही शेवटी कळले की गाय वर ठेवून माणूस खाली राहत नाही, म्हणून राष्ट्राध्यक्षांनी गुरे विकत घेण्याची घोषणा केली. २०२० च्या नोव्हेंबरात डोंगराचा इशारा तिसऱ्या पायरीवर, सियागावर, नेला तेव्हा दक्षिणेकडच्या ग्लागाहार्जोमध्ये गुरांसाठी वेगळा निवारा उभारला. हे सगळे तूच मला सांगितलेस. इशारा तेव्हापासून आजतागायत तिसऱ्याच पायरीवर आहे आणि वर फक्त एक पायरी उरते, हे मात्र तू सांगितले नाहीस, ते मी योग्यकर्त्याच्या वेधशाळेच्या पत्रकात स्वतः शोधले. तू म्हणतेस की डोंगराचे तोंड सध्या नैर्ऋत्येला आहे, धोका बेबेंगच्या खोऱ्यात सात किलोमीटरपर्यंत, आपण उत्तरेला आहोत. मान्य. पण स्फोट झाला तर चहूबाजूंनी तीन किलोमीटर, असेही त्याच पत्रकात आहे, आणि तुमचे घर शिखरापासून चार किलोमीटरवर. चारातून तीन गेले तर किती उरतात, हे मी तुला पहिलीत शिकवले होते.

हे पुन्हा भाषणासारखे झाले. क्षमा कर. लिहायचे नाही ठरवले होते तेच लिहीत बसलो. खोडायचे मनात आले, पण मग पानच रिकामे राहील.

भांडणात तू विचारलेस, '२०२१ च्या जुलैमध्ये मीरगावावर आणि आंबेघरावर दरड आली, तेव्हा तुम्ही पाटण सोडलेत का?' मला उत्तर सुचले नाही आणि सुचले नाही म्हणूनच आवाज चढला. आज बाहेर तसाच पाऊस आहे. समोरचा डोंगर तीन दिवसांपासून दिसलेला नाही आणि रात्री जरा कुठे घरंगळल्यासारखे वाटले की मी उठून बसतो. शाळेत मुलांना मी शिकवत असे, की हा आपला सह्याद्रीही लाव्ह्याचे थरावर थर बसूनच झाला आहे, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तुमची माती पाहताना ते आठवले. काळी, भुसभुशीत, मुठीत दाबली की क्षणभर गोळा होणारी आणि लगेच सुटणारी. २०२३ च्या मार्चमध्ये राख पडली तेव्हा कोबी करपला, गाई तोंड लावीनात म्हणून गवत धुऊन घालावे लागले, आणि तेही पाणी टाकीतले मोजून, असे विहीणबाई सांगत होत्या. मी विचारले, मग इथे का राहता? तू भाषांतर करायला टाळाटाळ केलीस, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहूनच प्रश्न ओळखला आणि वाफ्यातून एक गाजर उपटून माझ्या हातात दिले. उत्तर म्हणून ते मला पुरेसे वाटले नाही. पण गाजर गोड होते, एवढे कबूल करतो.

सुरोच्या, म्हणजे जावानी वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या, पहिल्या रात्री तुमच्याकडे रेड्याचे मस्तक डोंगराला अर्पण करतात, ते माझे तिकीट आधीचे असल्याने पाहायचे राहिले. पाहिले असते तर नावे ठेवली नसती. दरीखोऱ्यातला माणूस डोंगराशी बोलल्याशिवाय राहत नाही, हे मला तरी कोणी सांगायला नको.

आता जे तुला कधी नीट सांगितले नाही ते सांगतो. तुझी आजी लंगडत असे आणि आपण सगळे म्हणत असू की ती विहिरीच्या पायरीवरून घसरली होती. तसे नव्हते. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते आणि मी आठ वर्षांचा होतो. आधी आवाज आला, जमिनीखालून रेल्वे गेल्यासारखा. तोवर मी रेल्वे पाहिलेली नव्हती, हे पुढे कधीतरी पाहिली तेव्हा जोडले. अण्णांनी आम्हा तिघांना अंगणात फेकल्यासारखे बाहेर काढले. थंडीने दात वाजत होते, कौले पडत होती, आणि आई आमच्यात नव्हती. ती गोठ्यात शिरली होती. कपिला गाय नुकतीच व्यालेली, ती हंबरत होती. अण्णा ओरडले, मीही ओरडलो. दाव्याला निरगाठ होती आणि गाय ओढ घेत असल्यामुळे ती आणखी आवळत चालली होती. आईने विळा शोधला, दावे कापले, गाय आणि वासरू बाहेर आले आणि त्यांच्या मागे गोठ्याची भिंत आली. कोयनेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेवर माणसे गेली, त्यामानाने आमच्या वाट्याला फक्त एक पाय आला, असे अण्णा नंतर म्हणत. पुढे कितीतरी दिवस आम्ही उघड्यावर झोपलो आणि त्या दिवसांत पोरांना दूध मिळाले ते कपिलेचेच. म्हणून आईला कोणी बोलू शकले नाही आणि खरे कोणी सांगूही शकले नाही. विहिरीची पायरी तिनेच शोधून काढली. पोरे उद्या तिचेच अनुकरण करतील, असे म्हणाली होती.

तुझे ते तीन शब्द मला का लागले ते आता तुला कळेल. तू तिच्यावर गेली आहेस हे मी तू चार वर्षांची असल्यापासून लोकांना अभिमानाने सांगत आलो आणि आता त्याच गोष्टीने माझी झोप उडाली आहे. अभिमान कमी झालेला नाही. तीन गाई, पहाटेची धार, दोन्ही वेळा संकलन केंद्रावर दुधाची कासंडी पोचवणे, शेणखत पाठीवरून वाफ्यात, आणि रात्री गावातल्या बायकांना बसवून त्यांचे भिशीचे हिशेब लिहून देणे, हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाडीचे प्रमुख मला म्हणाले ते जावईबापूंनी इंडोनेशियनमधून इंग्रजीत आणि तू इंग्रजीतून मराठीत आणलेस, वाटेत निम्मे कौतुक गाळून. मला निम्मेसुद्धा पुष्कळ झाले.

आता तंबाखूची पाने खुडायचे दिवस आहेत, तुला वेळ नसेल. पत्राचे उत्तर सावकाश दे. फक्त पिल्याला गस्तीच्या लाकडी केन्तोंगानचे ठोके शिकवलेस का ते कळव. चोरीचे वेगळे आणि डोंगराचे वेगळे, असे जावईबापू सांगत होते. तीन वर्षांच्या मुलाला एवढे समजते. आणि ते समजल्यावर त्याने कोणाचा हात धरायचा तेही त्याला सांगून ठेव, म्हणजे तो हात धरायला रिकामा राहील.

आईने मेतकूट आणि कोकमे पाठवली आहेत. मधल्या घराची कौले बदलली. कोर्टाची तारीख पुढे गेली. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, पिल्यास गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. खाली बोयोलालीत घर घे, असे मी यापुढे म्हणणार नाही. तू ऐकणार नाहीस आणि वेळ आली तर गोठ्याकडे वळशील, हे मी जाणतो. निघायच्या दिवशी पहाटे तुम्ही उठण्याआधी मी गोठ्यात जाऊन आलो होतो. तिन्ही गाईंना निरगाठी होत्या. मी त्या सोडून सुरगाठी मारल्या आहेत, मोकळे टोक ओढले की एका झटक्यात सुटतील अशा. तांबड्या कपाळाच्या गाईला ते टोक चघळायची सवय आहे, म्हणून तिचे टोक उजवीकडे आत खोचले आहे. रोज बांधताना तशीच गाठ मार आणि जावईबापूंनाही शिकव. अंधारात, डोळे मिटून, दोनचारदा करून पाहा.