शिक्षकेतरांनाही तीन दिवस द्या

महोदय,

प्राध्यापकांसाठी झालेल्या डिजिटल कथाकथनाच्या, म्हणजे आपली गोष्ट आपल्याच आवाजात, छायाचित्रांच्या छोट्या चित्रफितीतून सांगण्याच्या, एकदिवसीय कार्यशाळेची बातमी वाचली. सभागृहात २०० जण, दीपप्रज्वलन, संध्याकाळी प्रमाणपत्रे. विद्यापीठांना हा विषय सुचला याचा आनंद झाला, पण पद्धत वाचून राहवले नाही.

मी एका विद्यापीठाच्या दृक्‌श्राव्य विभागातून निवृत्त झालो. गेली सहा वर्षे विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा कार्यशाळा घेतो. एका वेळी आठ, फार तर दहा जण आणि पूर्ण तीन दिवस. त्याहून कमी वेळात हे काम होत नाही. १९९४च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कथाकथन पद्धतीची सुरुवात केली. २००१पासून बीबीसीने वेल्समध्ये ती गावोगावी नेली. संगणकाला हात लावण्याआधी माणसांनी गोल करून बसायचे आणि एकमेकांचे ऐकायचे, हा त्याचा पाया. अडीचशे शब्द, डझनभर छायाचित्रे, स्वतःचा आवाज आणि दोन-तीन मिनिटे, एवढाच सगळा ऐवज.

त्यातले अडीचशे शब्द सर्वांत अवघड. अभिलेख कक्षातल्या एका वरिष्ठ लिपिकाने पहिल्या मसुद्यात लिहिले होते, ‘सदर कर्मचारी विद्यापीठ सेवेत रुजू झाला.’ हे स्वतःबद्दल! तीस वर्षे टिपण्या लिहिलेल्या हाताला ‘मी’ लिहिता येईना. म्हटले, कागद ठेवा बाजूला, घरी वहिनींना सांगता तसे सांगा. बराच वेळ ते गप्प होते. मग सांगू लागले. एक म्हातारे गृहस्थ १९७१च्या परीक्षेची दुय्यम गुणपत्रिका मागायला आले होते. निकालाचे लेजर वाळवीने खाल्लेले. यांनी दोन दिवस पाने उलटली. नाव सापडले तेव्हा त्या गृहस्थांनी ओळीवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, ‘आईला दाखवायचं राहिलं.’

शेजारी बसलेल्या प्राध्यापिका त्याच इमारतीत पंधरा वर्षे शिकवत होत्या. अभिलेख कक्ष तळघरात आहे हे त्यांना त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी लेजरची छायाचित्रे काढायला त्याच त्यांच्याबरोबर खाली गेल्या.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, खिडकीला गोधडी आणि ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर भागते. अडते ते रजेवर. प्राध्यापकांना कर्तव्य रजा मिळते. शिक्षकेतरांच्या अर्जावर ‘कामाचा खोळंबा होईल’ असा शेरा मारलेला मी अनेकदा पाहिला आहे. कंत्राटी कर्मचारी आला तर त्याचे तीन दिवसांचे पैसे बुडतात.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. एके ठिकाणी सफाई कामगार असलेल्या एका बाईंची चित्रफीत त्यांना न विचारता, संस्थेचे बोधचिन्ह लावून, पाहणीला आलेल्या समितीपुढे दाखवली गेली. त्यात नवऱ्याच्या दारूचा उल्लेख होता. त्यांच्या मुकादमानेही ती पाहिली. त्या पुन्हा माझ्याशी बोलल्या नाहीत. फाइल तिथल्या संगणकावर मीच ठेवून आलो होतो, हे मला आजही सलते. तेव्हापासून फाइल फक्त सांगणाऱ्याच्या पेन ड्राइव्हमध्ये देतो आणि बाकीच्या प्रती त्यांच्यादेखत पुसतो. इतरांना दाखवायची का, हे कार्यशाळेत विचारतच नाही. तीन आठवड्यांनी फोन करून विचारतो, कारण गोलात बसलेला माणूस भिडेपोटी हो म्हणतो.

विद्यापीठांनी वर्षातून निदान दोन तुकड्यांना, शिपायापासून कक्ष अधिकाऱ्यापर्यंत, तीन दिवसांची कर्तव्य रजा द्यावी. कंत्राटी कर्मचाऱ्यांना त्या दिवसांचे वेतन द्यावे. आणि लेखी संमतीशिवाय कोणाचीही चित्रफीत कोणत्याही समितीपुढे वा समाजमाध्यमावर जाणार नाही, असे परिपत्रक काढावे. कोणी बोलावले तर मी मानधनाशिवाय येईन. माइक आणि गोधड्या सोबत आणीन.

— एक निवृत्त तांत्रिक साहाय्यक, पुणे