काका, आधी उतरवायला शिकवलंत म्हणून

दादर, मुंबई
जून २०२६

आदरणीय काका,
नमस्कार.

बोट गेल्या आठवड्यात पावसाळ्यासाठी वर घेतली. स्पिनेकर, म्हणजे वारा पाठीमागून असताना उघडायचं ते मोठं रंगीत शीड, गोड्या पाण्यात दोनदा बुडवून, गच्चीवर पत्र्याच्या सावलीत वाळवून, तुम्ही दाखवलं तसा एकेक कड हातातून सरकवत पिशवीत भरला. भरताना मोजलं. या मोसमात तो आम्ही एकोणीस वेळा उघडला आणि एकोणीसही वेळा कोरडा खाली आला. बोटीवर दरवेळी आम्ही दोघंच होतो.

हे तुम्हाला फोनवर सांगायला गेलं की तुम्ही "त्यात काय" म्हणता आणि ओहोटी किती वाजता आहे ते विचारता. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. मुंबईच्या बंदरात आमच्यासारखी बरीच माणसं आहेत. नवरा-बायको, बाप-लेक, दोन मित्र. त्यांच्याही बोटीच्या पोटात ते रंगीत शीड पिशवीत पडून असतं, आणि चौघं-पाचजण जमतील तेव्हा उघडू म्हणता म्हणता मोसम संपतो.

आमचंही तसंच चाललं होतं. चार घरांनी मिळून घेतलेली जुनी २६ फुटी बोट. त्यातलं एक कुटुंब पुण्याला गेलं, दुसऱ्याला वेळ होईना, उरलो आम्ही दोघं. बोटीबरोबर आलेला क्रूझिंग स्पिनेकर सुमारे ४०० चौरस फुटांचा. लग्नानंतर आम्ही राहायला गेलो ते वन रूम किचन एवढंच होतं. तेवढं घरच्या घर पातळ नायलॉनचं करून वाऱ्यावर टांगायचं, आणि त्याला धरायला तीन दोर.

२०२५ च्या जानेवारीतला तो रविवार तुम्ही कधी काढत नाही, पण मला काढायचा आहे. अपोलो बंदरासमोर बोटी बांधतात तिथून जरा बाहेर पडलो आणि शीड चढवलं. पहिली दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही इतकी सुंदर होती. मग वारा वाढला. नवऱ्याच्या हातात सुकाणू जड झालं, बोट आपोआप वाऱ्याकडे वळायला लागली, शीड बंदुकीसारखं फटफटायला लागलं. मी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभी राहून सॉकचा दोर ओढत होते. सॉक म्हणजे त्या शिडावरून खाली येणारा लांब मोजा. पण शीड भरलेलं असताना तो येईना, उलट दोराबरोबर मीच टाचा उचलून वर जात होते. मग घाबरून हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, सोडला. सगळं शीड पाण्यात गेलं आणि बोटीखाली पाण्याने भरलेल्या जाळ्यासारखं लोंबायला लागलं. आम्ही एकमेकांवर ओरडत होतो आणि घारापुरीची लाँच आमच्या अंगावर येत होती.

तुम्ही कुठल्या तरी बोटीवरचं काम आटपून लहान होडीतून परत निघाला होतात. लाँचला हात करून बाजूला घातलंत, आमच्या बोटीवर चढलात, शिडाचं एकच टोक शोधलंत आणि तेवढंच ओढत राहिलात. आम्ही मधून मिठी मारून ओढत होतो, म्हणून पाणी आत अडकत होतं. एका टोकाने ओढल्यावर पाणी आपलं आपण निथळून गेलं. सगळं वर आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "चढवायच्या आधी उतरवायचं कसं ते ठरवलं होतं का?"

रागावला असतात तर कदाचित आम्ही विसरलो असतो. हा प्रश्न मात्र मी दर वेळी पिशवीची चेन उघडण्याआधी स्वतःला विचारते.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतःहून आलात. सकाळी मतलई वारा जेमतेम असताना, बोट बांधलेलीच ठेवून, सॉक बंदच्या बंद वर चढवायचा आणि खाली घ्यायचा. शीड उघडायचंच नाही. त्याच्या पुढचा रविवारही तसाच. "बाय, आधी उतरवायला शीक. चढवायचं मग बघू." मला तेव्हा वाटलं होतं, आपण फारच मागे पडलो. आज वाटतं, ते दोन रविवार नसते तर पुढचे एकोणीस झाले नसते.

तुमचा क्रम माझ्या हातात आता इतका बसला आहे की रात्री झोपेतही म्हणेन. सुकाणूवरच्या माणसाने बोट वाऱ्यापासून दूर वळवायची, जवळजवळ वारा पाठीवर येईपर्यंत, म्हणजे स्पिनेकर मेनसेलच्या, त्या मागच्या मोठ्या शिडाच्या, आडोशाला येतो. मग शीट, म्हणजे शिडाचं मोकळं टोक ओढून धरणारा दोर, पूर्ण ढिला. शीड रिकामं होऊन लटकलं की मगच सॉक खाली ओढायचा. तो पूर्ण खाली आल्यावर, अगदी शेवटी, हॅलयार्ड. मी जानेवारीत यातलं शेवटचं आधीच करून बसले होते. आणि सॉकचा दोर नाळेवरच्या कप्पीतून फिरवून घ्यायची तुमची युक्ती! आता मी डेकवर बसून, पाय रोवून ओढते. वर उचलली जाण्याचा प्रश्नच उरला नाही. ती कप्पी तुमची होती. "असू दे तुझ्याकडे" म्हणालात.

वाऱ्याचं गणित तुम्ही आकडे न घेता समजावलंत. वारा पाठीमागून असला की बोट त्याच्यापासून पळत असते, म्हणून अंगाला कमी लागतो, फसू नकोस. घरी येऊन मी कागदावर मांडलं. खरा वारा १४ नॉट, आपण ६ नॉटने वाऱ्याबरोबर चाललोय, तर चेहऱ्याला लागतो फक्त ८. त्याच वाऱ्यात बोट वाऱ्याकडे वळली की तोच १८ च्या घरात जातो. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दुप्पट वाऱ्याला दुप्पट नव्हे, चौपट. आठाचा अठरा झाला तर पाचपट. जानेवारीत माझ्या टाचा उचलल्या गेल्या त्या का, ते त्या कागदावर दिसलं. म्हणून आता दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की आम्ही आधी पाण्याकडे बघतो. सगळीकडे लाटांवर फेस दिसला तर पिशवी खालीच राहते. त्याचं वाईट वाटणं बंद झालंय, हेही तुमच्यामुळे.

शीटच्या टोकाची गाठ सोडायला लावलीत तेव्हा नवऱ्याने तुमच्याशी वाद घातला होता. जिबच्या, म्हणजे पुढच्या लहान शिडाच्या, दोराला टोकाशी गाठ मारतात, दोर निसटू नये म्हणून. तुम्ही म्हणालात, याचा दोर निसटायलाच हवा. यंदाच्या मार्चमध्ये ते पटलं. आम्ही मांडव्याला निघालो होतो. वायव्येचा वारा, म्हणून थेट मांडव्यावर नाक न धरता थोडं दक्षिणेला, थळच्या अंगाला धरलेलं, कारण सरळ गेलं की स्पिनेकर मेनसेलच्या सावलीत पडून मलूल होतो. शिडाची पुढची कड जराशी दुमडते आहे, की मी शीट चारेक बोटं घेते आहे, पुन्हा सैल सोडते आहे. लांबवर खांदेरी धुरकट दिसत होती. इतक्यात एक झोत आला आणि बोट कलली. सुकाणू ऐकेना. मी शीट सोडली. ती विंचवरून, दोर गुंडाळायच्या चक्रावरून, सळसळत गेली आणि टोकाशी न अडकता निघून गेली. शीड नाळेपुढे पताकेसारखं उडायला लागलं, त्यातला जोर गेला, बोट सरळ झाली. नवऱ्याने ती वारा पाठीवर येईल अशी वळवली, मी बसून सॉक ओढला. एकही शब्द मोठ्याने बोलला गेला नाही. मांडव्याला चहा पिताना नवरा म्हणाला, "काकांना सांगायला हवं, गाठ नव्हती." ते मी आज सांगते आहे.

जाइबचंही, म्हणजे पाठीमागचा वारा दुसऱ्या बाजूने येईल अशी बोट वळवण्याचंही, तुमचंच ऐकतो. शर्यतीतली माणसं उघड्या शिडासकट वळतात. आम्ही सॉक खाली घेतो, मेनसेल वळवतो, दोर दुसऱ्या बाजूला नेतो आणि पुन्हा उघडतो. पाच मिनिटं जातात, जाऊ देत. मच्छीमारांच्या डोल जाळ्यांचे बांबू दिसायला लागले किंवा जहाजांचा मार्ग ओलांडायचा असला की आधीच बंद करतो, कारण त्या शिडाआड पुढचं अर्धं पाणी दिसत नाही आणि न्हावा-शेव्याला निघालेलं जहाज आपल्यासाठी वळू शकत नाही.

आणि शेवटचं, जे सांगायला मला सगळ्यात अवघड जातं. तुम्ही आम्हाला बोटीवर तीनच शब्द दिलेत. सोड, ओढ, थांब. आणि "थांब" कुणीही म्हणालं तरी दुसऱ्याने थांबायचं, कारण विचारायचं नाही. मी वीस वर्षांच्या संसारात इतकी चांगली सोय पाहिली नव्हती. त्या जानेवारीनंतर मी नवऱ्याला म्हटलं होतं की बोट विकून टाकू. तुम्हाला हे माहीत नाही.

गेल्या वर्षी २९ मे ला दिलना आणि रूपा या नौदलातल्या दोघी आठ महिन्यांत पृथ्वीला फेरी मारून 'तारिणी' या शिडाच्या बोटीवर गोव्यात परतल्या, त्या संध्याकाळी तुम्ही फोन केला होतात. एवढंच म्हणालात, "बघ, दोघीच." आणि ठेवलात. मी तो फोन कितीतरी जणांना सांगितला आहे.

मोसम उघडला की ऑक्टोबरातल्या पहिल्या बऱ्या रविवारी या. काम काही नाही. तुम्ही कॉकपिटमध्ये बसायचं, आम्ही चढवू, आम्हीच उतरवू. मांडव्याला सोबत जेवू. कप्पीला तेल घालून ठेवलंय.

तुमची,
बाय