आई-बाबा, मी अजून काही वर्षं इथेच राहते आहे

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज ऐकला की पुढचं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहिते आहे. पुण्याच्या नोकरीला मी नकार कळवला. इथला, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या प्रयोगशाळेतला करार 2028 पर्यंत वाढवून घेतला आहे, सहीसुद्धा झाली. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात, हे मला माहीत आहे. वरच्या खोलीला रंग दिलात, खिडकीला जाळी बसवलीत, हे दादाने सांगितलं. डिसेंबरात महिनाभर त्याच खोलीत राहणार आहे. तिकीट काढलंय.

आई, माझ्या कामात लागणाऱ्या ज्यांना तू "माणसाचे तुकडे" म्हणतेस ना, ते म्हणजे मिरजेला आपल्या दादाचे काढले होते तेच. टॉन्सिल. दादाला आइस्क्रीम मिळालं म्हणून "माझेही काढा" असं मी रडत होते आणि बाबा मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून कुल्फी खायला घेऊन गेले होते. दादाचे टॉन्सिल फेकून दिले. इथे आईवडिलांनी संमतीपत्रावर सही केली की मुलाचे टॉन्सिल त्याच दिवशी थंड डब्यातून आमच्याकडे येतात. वर नाव नसतं, नुसता नंबर असतो. मेलेल्या माणसाचं यात काही नाही, कुणाला त्यासाठी वेगळं कापलेलंही नाही.

आम्ही त्या टॉन्सिलच्या पेशी सुट्या करतो, काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवतो आणि बाकीच्या दाट करून तळाला बारीक जाळी असलेल्या छोट्या कपात सोडतो. खाली पोषकद्रव, भोवती 37 अंशांची ऊब. पांगलेले वारकरी आपापल्या दिंडीत परतावेत, तशा काही दिवसांत त्या पेशी आपण होऊन गटागटाने जमतात. मग त्यात फ्लूची लस टाकली की त्या प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, तयार करू लागतात, अंगात करतात तशीच. ही पद्धत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवली. मी पहिल्यांदा स्वतः पाहिलं तेव्हा तुम्हाला फोन लावणार होते, पण सांगलीत रात्रीचे दोन वाजले होते.

उंदरांवर हे बघताच येत नाही, कारण उंदराला टॉन्सिल नसतातच. पीएचडीच्या वेळी मी उंदरांवर काम करायचे तेव्हा तू देवापाशी माझ्या नावाने वेगळा दिवा लावायचीस. आता माझ्या कामात उंदीर नाहीत. शेजारच्या टेबलावर आतड्याचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून केलेल्या इवल्या प्रतिकृती, वाढवतात, त्यांना लागणारं जेल मात्र अजून उंदराच्या कर्करोगाच्या गाठीपासूनच करतात, हेही तुला खरं ते सांगते. पण हा नुसता दयेचा प्रश्न नाही. 2006 मध्ये लंडनला एका नव्या औषधाची पहिली चाचणी झाली. माकडांमध्ये ते सुरक्षित ठरलं होतं. तेच सहा धडधाकट तरुणांना दिलं आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. जीव वाचले सगळ्यांचे, पण माणसाची प्रतिकारशक्ती माणसाच्याच पेशींत तपासायला हवी, हे तेव्हापासून कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

बाबा, "हे पुण्यात होणार नाही का?" असं तुम्ही विचारलं होतंत. होईल, आणि ते मीच येऊन करीन. आज आले तर परवानग्या आणि रुग्णालयाशी बोलणी यातच पहिली दोन-तीन वर्षं जातील. माझा प्रश्न तुमच्या वयाच्या माणसांचा आहे: पासष्टीनंतर फ्लूची लस कमी का लागू पडते? वयाबरोबर टॉन्सिल आक्रसतात, त्यामुळे मोठ्या माणसांचे फार क्वचित मिळतात. इथे ते आत्ता कुठे यायला लागले आहेत. हे अर्धं टाकून आले तर पुण्यात स्वतःची प्रयोगशाळा मागायला माझ्या हातात काय असेल?

माझी काळजी करू नका. उट्रेख्टला घर उबदार आहे, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत ट्राम जाते, रात्री उशीर झाला तर सायकल आणत नाही. सुरिनामी दुकानात भेंडी, कारली, मेथी मिळते. ज्वारीचं पीठही मिळालं. भाकरी अजून आईसारखी फुगत नाही, पण रोज दोन खाते. रविवारी पेशींचं पोषकद्रव बदलायला जावं लागतं तेव्हाही डबा नेते.

आता ऐका. बाबा, सांध्यांसाठीची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच. कॅलेंडरवर सोमवारी लाल खूण करा आणि घेतली की ती खोडा. सांधे जास्त दुखले म्हणून मनाने दुसरी घ्यायची नाही. फोलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलंय तसंच. फ्लूची लस या वर्षी घ्यायचीच, पण आधी डॉक्टरांना विचारा की लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायची का. ही गोळी लस नीट लागू पडण्याच्या आड येते. ते "नको" म्हणाले तर थांबवायची नाही, माझं नाव पुढे करून वाद घालायचा नाही. आई, तुझी लसही त्याच दिवशी. "मला काय होतंय" चालणार नाही.

आणि पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की दोघांनी दादाकडे निघायचं. 2019 च्या पुरासारखं "आपल्याकडे येत नाही" म्हणत वर बसून राहायचं नाही. कागदपत्रांची पिशवी आत्ताच वरच्या खोलीत नेऊन ठेवा. शेजारच्या काकूंना मी येणार नसल्याचं तुम्ही सांगू नका, मी त्यांना फोन करीन. त्यांनी विचारलं की तुम्हाला वाईट वाटतं.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. बाबांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला की सगळ्या पानांचे फोटो पाठवा, लिव्हरचं पानसुद्धा.

तुमची,
चिमू