पूल कशासाठी बांधला होता?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की पुलांच्या ‘स्ट्रक्चरल ऑडिट’च्या बातम्या येऊ लागतात. पूल दगडी की लोखंडी, वय किती, तडे कुठे, याची चर्चा होते. पण तो मुळात कशासाठी बांधला आणि आज त्यावरून काय जाते, हे कुणी विचारताना दिसत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याचेच घ्या. इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल गावकऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठी होता. सुट्टीच्या दिवशी तो पर्यटकांचा सज्जा झाला. धोक्याचा फलक होता, तरी 15 जून 2025 रोजी गर्दीच्या भाराने पूल कोसळला आणि चार जीव गेले. महाडजवळ सावित्रीवर तर शेजारी नवा पूल होता. तरीही ब्रिटिशकालीन दगडी पुलावरून महामार्गाची एका बाजूची वाहतूक चालूच होती. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री दोन एसटी गाड्यांसह तो पुरात गेला.

वरच्या वजनाने दगडी कमानीचे दगड एकमेकांवर घट्ट दाबले जातात, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. तिला भीती पायाखालचा थर खरवडून नेणाऱ्या पाण्याची आणि सांध्यात रुजलेल्या पिंपळाची. लोखंडाचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. काँक्रीटच्या पोटातली सळई गंजली तर वरचे पोपडे सुटेपर्यंत पत्ता लागत नाही. मग सगळ्यांची पाहणी रस्त्यावर उभे राहून, एकाच पद्धतीने कशी होणार?

आमच्या भागात ओढ्यावर एक छोटा पूल आहे. बैलगाड्यांच्या काळातला. दर दोन-तीन वर्षांनी त्यावर जुने न खरवडताच डांबर चढते. परिणामी कंबरेएवढा कठडा आता गुडघ्याला लागतो, पाणी जायची भोके बुजलीत आणि तो सगळा बोजा खालच्या कमानीच्या माथी. हंगामात वरून उसाचे भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. कागदोपत्री मात्र पूल ‘सुस्थितीत’!

सांगलीत 1929 सालच्या आयर्विन पुलाने आणखी एक काम अंगावर घेतले आहे. कृष्णेला पूर आला की ‘आयर्विनला किती फूट?’ हाच पहिला प्रश्न. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ आहे. आकडा समोर असला की लोक वाचतात आणि सामान हलवतात. नुसते ‘पूल धोकादायक’ वाचून कुणी हलत नाही.

म्हणून प्रत्येक पुलाच्या तोंडाशी बांधकामाचे वर्ष, साहित्य, आज झेपणारे वजन आणि शेवटच्या तपासणीची तारीख ठळक लिहावी. जो पूल फक्त पायी जाण्यापुरता उरला आहे, तिथे फलकावर न थांबता दुचाकी घुसणार नाही असे खांब रोवावेत. त्याला काही कोटींचा निधी लागत नाही.

— एक वाचक, सांगली